टच्या वरचा ड

छोटे कीबोर्ड बनवणाऱ्या मंडळींत कळा काढून टाकण्याला फार मान आहे. पूर्ण कीबोर्डला १०४ कळा. उजवीकडचं आकड्यांचं पॅड काढलं की त्याला ऐंशी टक्के म्हणायचं. बाणांच्या कळा आणि वरची ‘एफ’वाली ओळ गेली की साठ टक्के, ६१ कळांचा. मग कोणीतरी आकड्यांची ओळही काढतो, त्याचं नाव चाळीस टक्के, आणि तिथून पुढे नुसती चढाओढ. कोणी ४७ कळांत भागवतो, कोणी ३६ मध्ये. काढलेल्या कळा खरं तर नाहीशा होत नाहीत, त्या थरांत जातात. एक कळ दाबून धरली की बाकीच्यांचे अर्थ बदलतात, ‘क्यू’चा एक होतो, ‘डब्ल्यू’चे दोन होतात. बोटं जागची हलवायची कशाला, असा त्यामागचा हिशेब. जे क्वचित लागतं ते थरात टाका.

हे ‘क्वचित’ कोणाचं, ते मात्र कोणी विचारत नाही.

मला छोटा कीबोर्ड हवा होता तो निव्वळ जागेसाठी. मी मालिकांची आणि माहितीपटांची उपशीर्षकं मराठीत करते. घर भांडुपला. टेबल भिंतीला बिजागऱ्यांनी लावलेलं, काम झालं की मिटायचं. त्यावर लॅपटॉप, कागद, माउस आणि चहाचा कप एवढं मावलं पाहिजे. शिवाय अंधेरीच्या स्टुडिओत बसून काम करायचं असलं की कीबोर्ड पाठीवर घेऊन लोकल, मग घाटकोपरला मेट्रो. पूर्ण कीबोर्ड जवळजवळ हातभर लांब असतो. बॅगेतून त्याचं एक टोक बाहेर राहतं आणि गर्दीत ते नेमकं मागच्या बाईच्या बरगडीत जातं. सकाळी साडेआठच्या लेडीज डब्यात यावर काय ऐकून घ्यावं लागतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ओळखीच्या एकाने त्याचा ४७ कळांचा कीबोर्ड वापरून बघायला दिला. चार आडव्या ओळी, बारा उभे रकाने, पाठीवरच्या बॅगेत पुस्तकासारखा मावणारा. इंग्रजी मेल लिहिताना हात सुखावला. मग मराठी चालू केली, आणि हातातल्या भागाच्या पहिल्याच संवादात ‘डॉक्टर’ आला. ड नाही. त्याच्यावरचा ॉ पण नाही. शब्दाची सुरुवातच त्या कीबोर्डावर नव्हती.

मी इनस्क्रिप्टने लिहिते, म्हणजे प्रत्येक कळेवर थेट देवनागरी असलेल्या कळफलकाने. रोमनमधून मराठी लिहिणाऱ्यांना हा त्रास होत नाही, त्यांना २६ अक्षरं पुरतात आणि बाकीचं सॉफ्टवेअर ओळखून घेतं. मला दिवसभराच्या कामात ते ओळखून घेणं नको असतं. ‘पाणी’ हवं असताना ‘पानी’ पुढे आलं की हात अडतो, नजर पडद्यावरच्या चेहऱ्यावरून सुटते आणि संवादाची लय जाते. इनस्क्रिप्ट शिकायला महिना जातो, पण नंतर तो मध्ये मध्ये बोलत नाही.

हा कळफलक १९८६ साली केंद्र सरकारच्या तेव्हाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवला आणि १९९१ च्या भारतीय मानकात तो आला. ज्यांनी मांडला त्यांच्या डोक्यात वर्णमाला पक्की होती. मात्रा आणि स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. मधल्या ओळीत उजव्या बोटांखाली पाचही वर्गांची पहिली अक्षरं मिळतात: प, क, त, च, ट. शिफ्ट दाबली की त्याच कळांवर फ, ख, थ, छ, ठ. आणि प्रत्येकाच्या डोक्यावर, वरच्या ओळीत, त्याच वर्गाचं तिसरं अक्षर: ब, ग, द, ज, ड. शिफ्टला भ, घ, ध, झ, ढ. कच्या वर ग, तच्या वर द, टच्या वर ड. एकदा हे लक्षात आलं की पाठांतर उरतच नाही. सरकारी समितीतून इतकी शहाणी गोष्ट बाहेर येऊ शकते, यावर माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही.

अडचण जागेची. इंग्रजी अक्षरं २६, आपल्याला कळा जास्त लागतात. वरच्या ओळीत ‘पी’वर ज बसला की इंग्रजीची ओळ संपते, पण टवर्ग अजून उभाच असतो. म्हणून ड पलीकडच्या चौकटी कंसावर गेला. च सेमीकोलनवर, ट अपॉस्ट्रॉफीवर, य स्लॅशवर. ऑची मात्रा बॅकस्लॅशवर, ऋची मात्रा ‘बरोबर’च्या चिन्हावर. इंग्रजीत ज्या कळांवर विरामचिन्हं राहतात तिथे आपला अर्धा संसार.

चाळीस टक्केवाले सेमीकोलन, अपॉस्ट्रॉफी आणि स्लॅश सहसा ठेवतात, कारण ते इंग्रजीला लागतात. चौकटी कंस, बॅकस्लॅश आणि ‘बरोबर’ म्हणजे प्रोग्रामरांचं सामान, ते थरात. माझ्या दृष्टीने मात्र तो कंस म्हणजे वडाळा, भांडुप, मुलुंड, डोंबिवली. माझा राहता पत्ताच थरात गेला होता. आणि ड क्वचित लागतो असं म्हणणाऱ्याने एकदा कोणत्याही मराठी मालिकेतल्या सासूचे संवाद टाइप करून बघावेत. ‘गाडी’, ‘साडी’, ‘वाडा’, ‘भांडण’ या चार शब्दांवर वर्षभराचे भाग निघतात.

माझी आत्या फोर्टातल्या एका वकिलांच्या कचेरीत मराठी टायपिस्ट होती. यंत्र गोदरेजचं. गोदरेज अँड बॉइसने १९५५ साली टाइपरायटर काढला आणि २००९ मध्ये बनवणं थांबवलं, आत्या त्याच्या बऱ्याच आधी निवृत्त झाली होती. मराठी यंत्राचा सांगाडा इंग्रजीचाच, दांड्या मोजक्याच, फक्त त्यांच्या टोकांवरचे खिळे देवनागरी. एवढ्या दांड्यांत सगळी अक्षरं बसत नाहीत, म्हणून त्यातली बरीच अर्धी उमटवायची आणि काना लावून पुरी करायची. तिने चाळीस शब्दांची परीक्षा याच कसरतीवर दिली. तिला त्यात काही खटकत नसे, यंत्र आहे तसं वापरायचं एवढंच तिला ठाऊक. माझ्यापुढे दांड्या नव्हत्या. स्वतःचा कीबोर्ड स्वतःच बनवायचा, तर कळा ज्यात बसतात त्या पत्र्याला भोकं किती पाडायची आणि कुठे, हे मला ठरवायचं होतं. मग ती इंग्रजीच्या सोयीने का पाडायची?

मोजायला बसले. अक्षरांच्या तीन ओळींत वर ११ कळा, मध्ये ११, खाली १०. नुक्त्याची कळ मराठीत लागत नाही, ती गेली. शिवाय ऑची मात्रा आणि ऋची मात्रा. आणि आणखी एक, जिचा विचार सहसा होत नाही: ‘बॅग’मधला चंद्र. तो इनस्क्रिप्टमध्ये आकड्यांच्या ओळीत आहे, शिफ्ट आणि दोन. आकड्यांची ओळ काढली की मॅच, कॅमेरा, बॅट, टॅक्सी सगळं आधी थर आणि मग शिफ्ट. त्या ओळीत शिफ्टवर क्ष, ज्ञ, त्र, श्रही आहेत, पण ते पाय मोडून जोडता येतात. चंद्र दुसरीकडून आणता येत नाही. त्यालाही स्वतःची कळ. झाल्या ३५. इंग्रजीवाल्याचा जिथे २६ वर हिशेब सुरू होतो, तिथे माझा ३५ वर. बॅकस्पेस, एंटर, कंट्रोल वगैरे धरून ४८ वर थांबले. दहा बोटांत एवढंच मावतं, असं मला हात ठेवून बघताना वाटलं. ३६ वाल्यांना माझा नमस्कार.

मग शिफ्ट. इंग्रजीत मोठं अक्षर वाक्याच्या सुरुवातीला आणि नावाला. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट शब्दाशब्दाला लागते. ‘आणि’ लिहायला तीन कळा, त्यातल्या दोन शिफ्टसकट. ‘शाळा’, ‘भाषा’, ‘ठाणे’ यांत चारपैकी दोन. ळ आणि ण हे मराठीचे रोजचे गडी, पण मांडणी सगळ्या भारतीय भाषांना सामाईक म्हणून दोघांनाही शिफ्टवर जागा मिळाली. हे सगळं ओझं करंगळीवर. संध्याकाळी डावी करंगळी ठणकायला लागते ती यामुळे. उलट स्पेसची पट्टी नेहमीच्या कीबोर्डावर सव्वासहा कळांची आणि तिच्यावर दोन अंगठे, त्यातला माझा डावा दिवसभर नुसता पडून असतो. तर पट्टी मध्ये कापली. उजव्या अंगठ्याखाली स्पेस, डाव्याखाली शिफ्ट. करंगळीजवळच्या जुन्या शिफ्टही ठेवल्या, सवय एका रात्रीत जात नाही. हात आता कुठे अंगठ्याकडे वळला आहे, आणि माझ्या मते या सगळ्या उद्योगात खरा फायदा झाला तो एवढ्या एका बदलाने.

कळा सरळ रकान्यांत ठेवायच्या की नेहमीसारख्या तिरक्या सरकवायच्या, यावर मी बराच वेळ घालवला. ओळी एकमेकींपेक्षा थोड्या सरकलेल्या असतात त्याला कारण जुन्या यंत्रांच्या दांड्या, प्रत्येक कळेची दांडी दुसरीला न आपटता मागे गेली पाहिजे म्हणून. १८७४ साली रेमिंग्टनने पहिलं यंत्र बाजारात आणलं तेव्हापासूनचा हा वारसा. संगणकाला दांड्या नाहीत, तरी तिरकेपणा राहिला. सरळ रकान्यांची गंमत अशी की इनस्क्रिप्ट त्यांवर विलक्षण शोभतो. कच्या बरोब्बर वर ग, टच्या बरोब्बर वर ड, वर्ग अगदी वहीत लिहिल्यासारखे खाली-वर. फार मोह झाला. पण स्टुडिओत कधी कधी तिथल्याच मशीनवर बसावं लागतं, लॅपटॉपही अधूनमधून नुसता उघडावा लागतो, आणि दोन प्रकारची हातवळणं सांभाळण्याइतकी मी आता तरुण नाही. तिरकंच ठेवलं.

पुढचं काम बेरजेचं. साध्या एका कळेचा घर-ते-घर अंतराचा आकडा १९.०५ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच. मोठ्या कळा याच्याच पटीत मोजतात, आणि पट पावपावने वाढते: सव्वा, दीड, पावणेदोन, सव्वादोन. प्रत्येक ओळीची बेरीज सारखी आली तर दोन्ही कडा सरळ येतात. माझी साडेतेरावर जुळली. वरच्या ओळीत टॅब एकची, दहा अक्षरं, ड, आणि दीडची बॅकस्पेस. मधल्या ओळीत दोन्ही टोकांना सव्वा-सव्वा. तिसरीत दोन्हीकडे पावणेदोन. तळाला अंगठ्याची शिफ्ट सव्वादोनची, स्पेस पावणेतीनची. साडेतेरा गुणिले १९.०५ म्हणजे २५७.२ मिलिमीटर, साठ टक्केवाल्यापेक्षा पावणेतीन सेंटिमीटरहून जास्त कमी, आणि तरीही भांडुप शाबूत.

ही मापं मनाने घेतलेली नाहीत. कीकॅपच्या, म्हणजे कळांवरच्या टोप्यांच्या, बाजारात मिळणाऱ्या सेटमध्ये जे आकार येतात तेच घेतले. टॅब दीडची असते ती माझी बॅकस्पेस. एंटर सव्वादोनची, ती अंगठ्याची शिफ्ट. उजवी शिफ्ट पावणेतीनची, ती स्पेस. पावणेदोनची मात्र सेटमध्ये एकच येते, कॅप्सलॉकची. दुसरीसाठी वेगळा छोटा संच मागवावा लागतो. शिवाय नेहमीच्या कीकॅपना ओळीगणिक वेगवेगळा उतार असतो, वरच्या ओळीतली टोपी खाली लावली की ती उलटीच वाकते. म्हणून सगळ्या ओळींना एकच उतार असलेल्या आणि वर काही न छापलेल्या घेतल्या. देवनागरी छापलेल्या मिळाल्या तर आवडलं असतं, पण अंगठ्याच्या कळेवर काय छापायचं हा प्रश्न होताच.

मांडणी कीबोर्ड लेआउट एडिटर नावाच्या पानावर करतात. त्यातून निघणारा मजकूर प्लेटचा, म्हणजे त्या पत्र्याचा, आराखडा काढणाऱ्या दुसऱ्या साधनात टाकला की कापणाऱ्या मशीनला लागणारी डीएक्सएफ फाइल हातात येते. ती सरळ कापायला नेऊ नये. आधी कागदावर शंभर टक्के मापात छापावी, कोपऱ्यात शंभर मिलिमीटरची एक रेघ ठेवावी आणि झेरॉक्सवाल्याच्या पानावर ती रेघ पट्टीने मोजावी, कारण प्रिंटर पानात बसवायच्या नादात गुपचूप दोन-तीन टक्के खातो. तो कागद पुठ्ठ्यावर चिकटवून मी त्याच्यावर दोन भागांचे संवाद खोटे खोटे टाइप केले. घरचे येता-जाता बघत होते. पण बॅकस्पेस एकची पुरणार नाही, दीडची हवी, हे त्या पुठ्ठ्यानेच दाखवलं.

आता प्लेट. हिच्यात कळांखालचे सगळे स्विच बसतात. छापील सर्किट असलं तर स्विच त्यावरही टेकतो, माझ्याकडे ते नव्हतं, सगळं हाताने तारा ओढून करायचं होतं. म्हणजे ४८ स्विचचा भार या एका पत्र्यावर. चेरी कंपनीच्या एमएक्स जातीच्या स्विचला, आणि त्याच्या मापाच्या सगळ्या भावंडांना, १४ मिलिमीटरचं चौकोनी भोक लागतं आणि पत्रा दीड मिलिमीटरचा. स्विचच्या दोन बाजूंना छोटे दात असतात, ते पत्र्याखाली जाऊन अडकतात. पत्रा जाड झाला की दात खालपर्यंत पोचतच नाहीत, कीकॅप ओढली तर स्विचसकट हातात. म्हणून तीन मिलिमीटरचं ॲक्रिलिक दिसायला कितीही सुंदर असलं तरी या कामाचं नाही. दोन भोकांमध्ये पत्रा उरतो ५.०५ मिलिमीटर. सगळी ताकद त्या पट्ट्यांत.

साधं लोखंड मुंबईत नको. जूनमध्ये कापलेल्या कडेवर गणपतीपर्यंत तांबूस रेघ येते. त्यावर पावडर कोटिंग करा म्हणतात, पण कोटिंगची जाडी भोकाच्या आतही बसते. प्रत्येक कडेला साठ-ऐंशी मायक्रॉन धरले तरी १४ चं भोक १३.८५ च्या आसपास येतं आणि स्विच घुसत नाही. उरलं ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस. माझ्या मापाची प्लेट ॲल्युमिनियमची केली तर हलकी, स्टीलची तिच्या जवळपास तिप्पट जड. टेबलावर घसरू नये म्हणून मला वजन हवंच होतं. ३०४ चं स्टील.

एलबीएस मार्गाच्या आत औद्योगिक वसाहतीत लेझर कटिंगचा एक गाळा आहे. तिथले ऑपरेटर सांगलीकडचे. त्यांनी फाइल उघडली, पडद्यावर ४८ चौकोन आले.

“ताई, जाळी कसली ही? मोरीची?”

“कीबोर्डची.”

“कीबोर्डला जाळी लागते?”

मी खिशातून एक स्विच काढून दिला. त्यांनी तो बोटांत फिरवला, दात नखाने दाबून बघितले, मग वर्निअर काढला. त्यानंतर त्यांचे प्रश्न एकदम सरळ झाले. लेझरची रेघ स्वतः थोडा धातू खाते, दीडच्या पत्र्यात मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका. फाइलमधल्या रेघेवरून कापलं तर भोक तेवढंच मोठं होतं. “तुम्ही कॉम्पेन्सेशन दिलंय का ड्रॉइंगमध्ये?” नव्हतं दिलं. “चांगलं केलंत. नेट साइजच द्यायची. दोघांनी दिलं की जॉब गेला.” गॅस कुठला, याची चर्चा त्यांनी स्वतःशीच केली: ऑक्सिजन स्वस्त, पण कड काळी पडते, स्टेनलेसला नायट्रोजनच मारायचा. पत्र्यावरची निळी फिल्म ठेवायची का, हे मात्र मला विचारलं. ठेवा म्हटलं, ओरखडे वाचतात.

“आधी तुकडा मारू,” ते म्हणाले. भंगारातल्या पट्टीवर चार भोकं पाडायची ठरली: १३.९०, १३.९५, १४.००, १४.०५. पट्टी गरम होती, ती त्यांनी हातमोजा घालून मला दाखवली. पहिल्यात स्विच जाईना. दुसऱ्यात जोर लावून गेला, पण चारही कडा दाबल्या गेल्या. तिसऱ्यात ऑपरेटरदादांनी अंगठ्याने दाबला आणि खट आवाज आला, दोन्ही दात एकदम बसले. चौथ्यात गेला सहज, पण बोटाने हलवला की किंचित डुगडुगला. डुगडुगणारा स्विच दिवसभर बोटाला कळतो. तिसरं भोक नक्की झालं. कड उलटी केली तर खाली बारीक काटे होते, तांदळाच्या कणीहून लहान. ते कानशीने एका हाताने, एकाच दिशेने काढायचे, नाहीतर दात अडकतात तीच कड गोल होते.

कापतानाची क्रमवारी हा त्यांचा मामला होता आणि त्यात त्यांनी मला बोलू दिलं नाही. शेजारशेजारची भोकं ओळीने मारली की पाच मिलिमीटरच्या पट्ट्या तापतात आणि पत्रा वाकतो. म्हणून मशीन एक भोक इथे, पुढचं दूर तिकडे असं उड्या मारत जातं. आधी आतली भोकं, बाहेरची कड सगळ्यात शेवटी. अंगठ्याच्या दोन लांब कळांना शेजारी स्टॅबिलायझरची वेडीवाकडी भोकं होती, लांब कळ एका टोकाला दाबली तरी तिरकी होऊ नये म्हणून तिच्या दोन बाजूंना आधार लागतो. सव्वादोनच्या आणि पावणेतीनच्या दोन्ही कळांना त्या आधारांमधलं अंतर एकच, २३.८८ मिलिमीटर. ही भोकं बघून दादा म्हणाले, “हे असं वाकडं कोणी काढलं?” ते कोणी काढलं ते मलाही सांगता येईना. तयार प्लेट मी दिव्यासमोर धरली तर खरंच मोरीची जाळी दिसत होती.

डायोड, तारा आणि कंट्रोलर लॅमिंग्टन रोडवर. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण ग्रँट रोड स्टेशनाबाहेर ते नाव घेऊन पत्ता विचारलात तर बराच वेळ चालाल. “पचास डायोड में क्या मिलेगा, सौ का लेलो,” असं म्हणून दुकानदाराने पट्टी पुढे सरकवली. वन एन ४१४८, काचेचा, लालसर, एका टोकाला काळी रेघ. प्रत्येक कळेला एक. कारण ४८ कळांना ४८ तारा कंट्रोलरकडे नेणं शक्य नसतं. कळा चार ओळी आणि १३ रकान्यांच्या जाळ्यात गुंफतात, म्हणजे १७ तारा, आणि माझा कंट्रोलर म्हणजे प्रो मायक्रो नावाचा बोटभर बोर्ड, त्याला १८ मोकळे पाय असतात. एक पाय उरतो. कंट्रोलर क्षणाक्षणाला एकेक ओळ तपासत फिरतो. डायोड नसेल तर आयताच्या तीन कोपऱ्यांच्या कळा एकदम दाबल्या की चौथ्या कोपऱ्यातली न दाबलेली कळही दाबल्यासारखी दिसते. भराभर टाइप करताना असली भुताची अक्षरं उमटतात. डायोड विजेला एकाच दिशेने जाऊ देतो, त्यामुळे काळी रेघ सगळ्यांची एकाच बाजूला हवी.

डायोडचा एक पाय स्विचच्या पिनला वळसा घालून डाखायचा, म्हणजे सोल्डर करायचा, दुसरा काटकोनात वाकवून शेजारच्याच्या पायावर. असं करत ओळीची तार डायोडच्या पायांचीच तयार होते. सोल्डरिंगची इस्त्री पिनवर दोन-तीन सेकंदांहून जास्त ठेवली की स्विचचं प्लॅस्टिक मऊ पडतं आणि पिन तिरकी होते. खिडकी उघडी, पंखा बंद, कारण वाऱ्याने डाख थिजतो. मुंबईच्या उकाड्यात हा भाग कसा झाला ते सोडून देते.

आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरला क्यूएमके म्हणतात, फुकट आणि खुलं. इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते: कीबोर्डाला अक्षर माहीतच नसतं. तो फक्त कळेचा क्रमांक पाठवतो, ‘चौकटी कंसाची कळ दाबली’ एवढंच. त्याचा ड करायचा की कंस, हे संगणक ठरवतो. म्हणून मी कीबोर्डात एक अक्षरही देवनागरी भरलेलं नाही. तच्या वर द आणि टच्या वर ड हे फक्त पत्र्यातल्या भोकांनी राखलं. याचा एक मजेदार परिणाम चंद्राच्या कळेवर झाला. ती ‘शिफ्ट आणि दोन’ पाठवते. मराठीत असताना ‘बॅग’चा चंद्र उमटतो, इंग्रजीत गेलं की तीच कळ ईमेलच्या पत्त्यातला ॲट देते. दोन्ही ठिकाणी कामाची.

स्पेसच्या उजवीकडे एकेकच्या चार कळा आहेत: चंद्र, ऋची मात्रा, ऑची मात्रा, आणि एक बेरीज साडेतेरा व्हावी म्हणून आलेली. ती बरेच दिवस रिकामी होती. आवाज कमी-जास्त करायला ठेवून बघितली, करमेना. मग एक दिवस कुठल्याशा ऐतिहासिक माहितीपटात ‘किल्ल्याच्या दुसऱ्या तटाच्या पायऱ्यांवर पहारेकऱ्यांच्या’ असलं एक वाक्य आलं आणि त्या कळेला काम मिळालं. तिच्यावर ऱ्य लिहिताना लागणारा अर्धा र ठेवला, म्हणजे एका दाबात ती ‘शिफ्ट-जे’ आणि ‘डी’ एकापाठोपाठ पाठवते. दुसऱ्या, तिसऱ्या, बिचाऱ्या, वाऱ्यावर, सगळं एका बोटात. मराठीइतका हा र कोणाला लागत असेल असं वाटत नाही.

इंग्रजीत असताना हात चुकून तिथे गेला तर मात्र मोठा जे आणि त्याला चिकटून छोटा डी उमटतो. एका मेलमध्ये तो तसाच गेला, ‘आभारी आहे’च्या खाली, माझ्या नावाच्या अगोदर. पुढच्या कामाचं पत्र त्या ग्राहकाने आम्हा दोघांच्या नावे पाठवलं, माझ्या आणि जेडींच्या.